चाकाच्या फेऱ्याला एकदा

गाण्याच्या बैठकीचं, चित्राचं, कवितेचं रसग्रहण आपण करत आलो आहोत. यंत्रातला दोष शोधण्याच्या कामालाही तो मान मिळायला हवा, असं माझं ठाम मत आहे. वाशीच्या एपीएमसी मार्केटच्या आसऱ्याने चालणाऱ्या, एरवी फक्त ट्रकवर काम करणाऱ्या एका गॅरेजात जुन्या एमजीबी गाडीच्या पुढच्या ब्रेकचा घासण्याचा आवाज ज्या रीतीने शोधला गेला, ते पाहताना मला मिळालेला आनंद कलेचाच होता. त्या शोधाला रचना होती. एका प्रश्नाच्या पोटातून दुसरा प्रश्न येत होता, आणि हाती आलेलं उत्तर आधीच्या प्रत्येक पायरीने तपासून घेतलेलं होतं.

आधी गाडीविषयी. एमजीबी ही १९६२ साली बाजारात आलेली, इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार होणारी दोन आसनांची स्पोर्ट्स कार. १९८० पर्यंत ती बनत राहिली आणि एकूण पाच लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या. आपल्याकडे ती दुर्मीळ, पण परकी नाही. तिचं १,७९८ सीसीचं इंजिन हे बीएमसीच्या ‘बी सिरीज’ घराण्यातलं, आणि आपल्या अ‍ॅम्बेसेडरला कित्येक वर्षं ओढणारं १,४८९ सीसीचं इंजिनही त्याच घराण्यातलं. ज्या मिस्त्रीने अ‍ॅम्बेसेडर खोलून बसवली आहे, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडल्यावर निम्म्या गोष्टी ओळखीच्या दिसतात. वेगळेपण आहे ते पुढच्या चाकांत. अ‍ॅम्बेसेडर आणि पद्मिनी या दोघींच्या पुढच्या चाकांना बरीच वर्षं ड्रम ब्रेक असत. एमजीबीला पहिल्या दिवसापासून पुढे डिस्क होती, पावणेअकरा इंच व्यासाची, सपाट, ओतीव लोखंडाची.

डिस्क ब्रेकचा इतिहासच मुळी आवाजाशी झगडण्याचा आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. धातूच्या चकतीवर तांब्याचे तुकडे दाबायचे, अशी ती योजना होती, आणि त्यातून निघणारी किंकाळी असह्य होती. पुढे हर्बर्ट फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर आणल्यावर तो कर्कशपणा आवाक्यात आला. ही रचना जगाला पटली ती १९५३ मध्ये, डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जग्वार सी-टाइपने ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली तेव्हा. दहा वर्षांच्या आत तीच रचना एमजीबीसारख्या मध्यमवर्गाला झेपणाऱ्या स्पोर्ट्स कारमध्ये आली.

या ब्रेकची एक खुबी ध्यानात घेतली नाही तर निदान पहिल्याच पावलाला चुकतं. ड्रममध्ये ब्रेक सोडला की स्प्रिंग लायनरना ओढून मागे घेते. डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये अशी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचं रबरी सील असतं. पेडल दाबल्यावर ते पिस्टनबरोबर किंचित पिळवटतं आणि पाय उचलला की पूर्वपदावर येताना पिस्टनला केसभर मागे ओढतं. एवढीच माघार. त्यामुळे पॅड डिस्कच्या अगदी लगत राहतात, आणि चाक हाताने फिरवलं तर बारीक, सलग ‘सस्स’ ऐकू येणं हे प्रकृती ठीक असल्याचं लक्षण आहे. ड्रमवर कान तयार झालेला माणूस तो आवाज ऐकून दचकतो. जाणकार विचारतो की आवाज सलग आहे की तुटक. या गाडीचा तुटक होता.

आता जागा. मुंबईचा घाऊक बाजार १९८०च्या दशकापासून टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला हलला. १९९६ मध्ये भाजीपाला आणि फळंही इथे आली. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला, धान्य अशा पाच बाजारांकडे येणारा ट्रक बहुधा कुठला तरी घाट उतरूनच येतो. नाशिककडचा कांदा कसाऱ्याने, पुण्याकडचा माल खंडाळ्याने. घाट उतरून आलेल्या ट्रकचे ड्रम तापलेले असतात, लायनरचा करपट वास गाडीबरोबर आत येतो, आणि लायनर झिजून रिवेट उघडी पडली असेल तर ती ड्रमला खरवडताना होणारी ‘खर्र’ इथल्या कोणत्याही मिस्त्रीला पाठमोऱ्यानेही ओळखू येते. ब्रेकचा आवाज ऐकण्याचा एवढा रियाज देणारी दुसरी जागा महाराष्ट्रात क्वचितच असेल. म्हणूनच वाशीत राहणाऱ्या माझ्या स्नेह्यांनी आपली एमजीबी इथे आणली तेव्हा मला नवल वाटलं नाही.

तक्रार साधी होती. पावसाळाभर गाडी उभी होती. त्याआधी एका गॅरेजात पुढच्या दोन्ही डिस्क बदलून घेतल्या होत्या. आता हळू चालवताना पुढून घासल्याचा आवाज येत होता, आणि वेग वाढला की तो वाऱ्यात बुडून जात होता.

गॅरेजच्या मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही. ते म्हणाले, “काका, आधी गाडी ऐकू या. खोलायला आख्खा दिवस पडलाय.”

बाजाराला सुट्टी होती. गाळ्यांच्या दोन रांगांमधला रुंद रस्ता मोकळा होता आणि शटरं खाली होती. मिस्त्रींनी गाडी गाळ्यांना खेटून, माणसाच्या चालीने न्यायला सांगितली. उघड्या मैदानात चाकाचा आवाज चहूकडे पांगतो. भिंतीलगत गाडी नेली तर त्या बाजूच्या चाकाचा आवाज भिंतीवर आपटून थेट कानाकडे परततो. जाताना शटरं डाव्या हाताला होती, आणि आवाज स्वच्छ आला: ‘सर्र’, मग शांतता, पुन्हा ‘सर्र’. येताना तीच शटरं उजव्या हाताला आली, आणि आवाज पुसट झाला. दोष डाव्या चाकात आहे, हे एका फेरीत आणि एकही बोल्ट न फिरवता ठरलं. रसग्रहणाच्या भाषेत बोलायचं तर ही या कामातली पहिली सुंदर जागा. नेहमीच्या जागेचा असा उपयोग करायला नजर लागते.

दुसरी पायरी लयीची. टायरवर खडूची रेघ मारली, आणि हेल्पर पोरगा शेजारून चालू लागला. रेघ खाली येईल तेव्हा तो ‘हां’ म्हणायचा. प्रत्येक ‘हां’नंतर ठरावीक अंतराने ‘सर्र’ येत होतं. न एक जास्त, न एक कमी. तबल्याच्या आवर्तनात सम जशी फिरून त्याच जागी येते, तसा तो आवाज येत होता. याचं गणित मांडण्यासारखं आहे. या गाडीच्या चौदा इंची चाकाचा घेर टायरसकट साधारण १.९ मीटर. ताशी २० किलोमीटरच्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे तीन वेळा फिरतं, चालण्याच्या वेगाला पुरतं एकदाही नाही. मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट मात्र या गाडीत चाकाच्या जवळजवळ चौपट फिरतो, कारण मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.९ आहे. आवाज शाफ्टमधून असता तर एका ‘हां’ला चार ठोके पडले असते. बेअरिंगच्या रोलरमधून असता तर चाकाच्या फेऱ्याशी त्याचा मेळच बसला नसता, आणि शिवाय तो घुमल्यासारखा आला असता. फेऱ्याला बरोबर एकदा, याचा अर्थ चाकाबरोबर फिरणारा एखादा उंचवटा, चाकाबरोबर न फिरणाऱ्या कशाला तरी शिवतो आहे. एवढं एक वाक्य हाती आलं आणि निम्मी कारणं गळून पडली.

उरलेल्या संशयितांत तीन प्रमुख होते. डिस्कच्या मागे असलेला पत्र्याचा धूळरक्षक, जो एखाद्या खड्याने किंवा जॅकच्या धक्क्याने वाकला की डिस्कला टेकतो. बेअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, ज्यामुळे डिस्क तिरकी होऊन पॅडला शिवते. आणि स्वतः डिस्क.

तिसरी पायरी पेडलची. मिस्त्रींनी स्नेह्यांना सांगितलं, “काका, ब्रेक मारू नका. पाय नुसता टेकवा.” पाय टेकला, आणि तुटक ‘सर्र’ची जागा सलग ‘सूं’ने घेतली. पाय उचलताच पुन्हा तुटक. धूळरक्षकाचा आणि पेडलचा काही संबंध नाही. तो घासत असता तर पाय टेकवूनही त्याची ‘सर्र’ त्या ‘सूं’मधून ठळक उमटत राहिली असती. इथे ती ‘सूं’मध्ये पुरती विरघळली. म्हणजे मामला पॅड आणि डिस्क यांच्यातलाच.

चौथी पायरी वळणाची. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर येतो, डावीकडे वळताना तो उतरतो. बेअरिंगला प्ले असेल तर या भाराने हब कलतो, आवाज वाढतो किंवा नाहीसा होतो, आणि आणखी एक खूण मिळते. कललेली डिस्क पॅडना आत ढकलते, त्यामुळे वळणानंतरचा पहिला ब्रेक खोल जातो आणि दुसऱ्या दाबाला पेडल पुन्हा वर मिळतं. दोन्ही बाजूंना वळणं घेऊन पाहिली. आवाज होता तसाच राहिला, पेडलही पहिल्याच दाबाला जागेवर मिळालं. बेअरिंगवरचा संशय बराच कमी झाला.

पाचवी पायरी उष्णतेची. ब्रेक फारसा न वापरता गाडी थोडी लांबवर फिरवून आणली, आणि मिस्त्रींनी दोन्ही पुढच्या चाकांजवळ तळहात नेला, न टेकवता. दोन्हीकडे सारखीच ऊब. पिस्टन गंजून अडकला असता, किंवा जुना रबरी होज आतून फुगून ब्रेक ऑइलचा परतीचा रस्ता अडवत असता, तर डावं चाक चटका देण्याइतकं तापलं असतं आणि गाडी त्या बाजूला ओढली असती. तसा संशय असता तर त्याची परीक्षाही सोपी आहे. जखडलेल्या चाकाचा ब्लीड निपल क्षणभर सैल करायचा. चाक सुटलं तर दाब आत कोंडलेला होता. नाही सुटलं तर पिस्टनच अडकला आहे. ही परीक्षा मिस्त्रींनी केली नाही, कारण तळहाताने तिची गरजच ठेवली नव्हती. कोणती परीक्षा गाळायची, हे कळण्यातही जाणकारी असते.

आता कुठे गाडी उचलायची वेळ आली. “बारक्या, घोडी लाव,” असं म्हणून त्यांनी जॅकवरचा भार घोडीवर घेतला; नुसत्या जॅकवर गाडी ठेवून त्यांनी चाकाखाली हात घातला नाही. तारांच्या चाकाचं मधलं मोठं नट तांब्याच्या हातोडीने सोडवायचं असतं, आणि त्याच्या आट्या डाव्या-उजव्या बाजूला उलट असतात, हे स्नेह्यांनी सांगितलं आणि मिस्त्रींनी मन लावून ऐकलं. चाक निघण्याआधी त्यांनी ते हलवून पाहिलं, हबच्या ज्या खाचांवर ते बसतं त्यांचा खडखडाट नाही ना, याची खात्री केली. झिजलेल्या खाचांचा आवाज ‘टक’ असा, आणि तो पुढची चाल मागे बदलताना येतो.

मग या कामातला सर्वांत देखणा भाग आला. एमजीबीचे पॅड काढायला कॅलिपर सोडावा लागत नाही. दोन स्प्लिट पिना आणि आवाज-प्रतिबंधक स्प्रिंगा काढल्या की पॅड वर ओढून निघतात. पॅड असताना हब हाताने फिरवला, तेव्हा एका जागी हाताला अडखळ लागली आणि ‘सर्र’ आली. पॅड काढले, हब पुन्हा फिरवला. एकही आवाज नाही. बेअरिंग आणि धूळरक्षक या दोघांनाही एकाच वेळी निर्दोष ठरवणारी ही परीक्षा दोन पिनांच्या खर्चात झाली. पॅडची भुकटी साफ करताना त्यांनी हवेचा पाइप बाजूला ठेवायला लावला आणि ओलं फडकं घेतलं. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात जाता कामा नये. इतकी वर्षं ट्रकचे लायनर बदलणाऱ्याने हे पाळलेलं पाहून बरं वाटलं. दोन्ही पॅडची जाडी सारखी होती. म्हणजे दोन्ही पिस्टन चालत होते.

डिस्कवर पॅडच्या आकाराचा करडा ठसा उमटलेला होता. वाशीची खाडी जवळ, पावसाळ्याची दमट हवा, आणि महिनोन्‌महिने एका जागी उभी गाडी. ओतीव लोखंड गंजतं, पण पॅडने झाकलेला भाग वेगळ्या तऱ्हेने गंजतो, आणि हा ठसाही फेऱ्याला एकदाच घासतो. इथे घाईचा माणूस थांबला असता. ठसा दिसला, कारण सापडलं, पॉलिश पेपर मारा आणि बिल करा. मिस्त्रींनी पेपर मारला खरा, पण पॅड घालून हब फिरवला. अडखळ मंद झाली, गेली नाही. मिळालेलं उत्तर पूर्ण आवाज समजावून देत नसेल तर ते उत्तर अपुरं, हे भान या एका कृतीत दिसलं, आणि माझ्या लेखी इथेच या कामाने कारागिरीची हद्द ओलांडली.

त्यांनी पॅड पुन्हा बाहेर घेतले, डिस्कच्या शेजारी एक लोखंडी ठोकळा ठेवला, त्यावर खडूचा तुकडा टेकवून डिस्कपासून अगदी थोडा दूर धरला आणि हब सावकाश फिरवला. खडू डिस्कच्या एका बाजूला साधारण वीतभर रेघ ओढून पुढे कोरा राहिला. रेघेच्या बरोबर समोर, पलीकडच्या अंगाला, मागच्या बाजूने खडू धरला तेव्हा तिथेही तशीच रेघ उमटली. डिस्क सरळ फिरत नव्हती, कलून फिरत होती. मग डायल गेज लावलं. अशा डिस्कचं डुलणं साधारण तीन हजारांश इंचाच्या आत असायला हवं. मिलिमीटरमध्ये ही मर्यादा ०.०७ ते ०.०८ एवढी भरते, वहीच्या कागदाच्या जाडीहूनही कमी. काटा त्याच्या दुपटीपलीकडे जात होता.

आता प्रश्न असा, की नवी डिस्कच वाकडी, की ती जिथे बसली ते तोंड? डिस्क लेथवर चढवून फेस मारून घेतली असती तर मूळ दोष जागीच राहिला असता. मिस्त्रींनी कॅलिपर सोडला, होजला ताण पडू नये म्हणून तारेने टांगला, आणि हब काढला. या गाडीत हबच्या दोन टेपर बेअरिंगांमध्ये एक स्पेसर नळी आणि शिमा, म्हणजे पातळ चकत्या, असतात. शिमा कमी-जास्त करून दोन ते चार हजारांश इंचाचा प्ले राखायचा, आणि नट मात्र पूर्ण आवळायचं. ट्रकमध्ये नट आवळून थोडं मागे घ्यायची पद्धत असते. ती सवय इथे वापरली, किंवा नळी ‘उरलेला भाग’ म्हणून बाजूला ठेवली, तर बेअरिंग आणि स्टब अ‍ॅक्सल दोन्ही धोक्यात येतात. मिस्त्रींनी प्रत्येक शिम निघालेल्या क्रमाने फडक्यावर मांडली.

हब आणि डिस्क चार बोल्टांनी जोडलेले असतात. डिस्क सुटली आणि कारण उघडं पडलं. हबच्या तोंडावर एका बोल्टाजवळ जुन्या गंजाचा पापुद्रा होता, नखाने जाणवेल एवढाच. आधी डिस्क बदलली तेव्हा ते तोंड घासून स्वच्छ न करताच नवी डिस्क त्यावर आवळली गेली होती. हबच्या लहान वर्तुळावरचा तो फुगवटा डिस्कच्या कडेला पोचेपर्यंत वाढतो, कारण कडा केंद्रापासून अधिक लांब आहे. सपाट कानशीने तोंड साफ केलं, डिस्क चारपैकी पुढच्या बोल्टावर सरकवून बसवली, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळले. गेजचा काटा मर्यादेच्या आत, थरथरल्यासारखा हलला. पॅड घातल्यावर हबमधून आला तो सलग, बारीक ‘सस्स’, जो या ब्रेकचा हक्काचा आवाज आहे.

या साऱ्या कामाचा गुण कशात आहे? नवा भाग एकही लागला नाही, हा व्यवहारातला गुण. ज्या गाडीचे सुटे भाग इंग्लंडहून मागवावे लागतात आणि जिचं जुनेपण हीच तिची किंमत आहे, तिच्यासाठी तो मोठाच. पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्राने नोंदणीचे वेगळे नियम आणले. पण गाडीचं मूळपण कागदावर टिकत नाही, ते प्रत्येक दुरुस्तीत टिकवावं लागतं.

मला त्याहून मोठा वाटतो तो क्रमाचा गुण. कानाने सुरुवात, मग लय, मग पेडल, वळण, तळहात, आणि सगळ्यात शेवटी पाना. स्वस्त आणि उलटवता येणाऱ्या परीक्षा आधी, खोलून टाकणाऱ्या नंतर. प्रत्येक पायरीने एक शक्यता खोडली, आणि कुठल्याही पायरीने पुढच्या पायरीचा पुरावा नष्ट केला नाही. पहिल्यांदाच हब खोलला असता तर आवाजाचा स्वभाव कधी कळलाच नसता. गंजाचा ठसा पाहून काम थांबवलं असतं तर आवाज अर्धाच कळला असता.

थांबताना गाडीचा भार पुढे झुकतो आणि सर्वाधिक काम पुढच्या ब्रेकला करावं लागतं. त्याच्या तक्रारीला मोठ्या आवाजाचं संगीत लावून झाकणारे चालक आणि ऐकून न घेता नवे पॅड घालणारी गॅरेजं, दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत. त्यांच्या शेजारीच, कांद्याच्या ट्रकखाली आयुष्य काढलेला एक माणूस कागदाच्या जाडीइतका दोष ऐकून, मोजून, कारणासकट बाहेर काढतो. त्याचं काम आपण नुसतं बिल देऊन संपवतो. जाणकाराने गाण्यातली जागा दाखवावी, त्याच आस्थेने अशा कामातल्या जागा कोणीतरी दाखवायला हव्यात, म्हणजे पुढच्या वेळी गाडी घेऊन जाणारं गिऱ्हाईक ‘किती वेळ लागेल’ या प्रश्नाआधी ‘तुम्हाला काय ऐकू आलं’ हे विचारेल.